२४ तास अखंड गाणं आणि मुलांसाठी निधी: मिरजेतून सल्ला हवा आहे

जवारी_मिरज:
नमस्कार मंडळी. आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मिरजेत आम्ही अकरा हौशी गाणारे-वाजवणारे दर गुरुवारी रात्री जमतो. बँकेतून निवृत्त झालेले दोघे, दोन मास्तर, एक फिजिओथेरपिस्ट, एक किराणा दुकानदार, एक तंबोरे बनवणाऱ्या घरातला, असा सगळा मेळ आहे. मैफलीच्या लायकीचे दोघं-तिघंच. बाकीचे सुरात असतात, एवढंच.

ज्यांना मिरज माहीत आहे त्यांना सांगायला नको, इथं गल्लीगणिक दवाखाना. जत, अथणी, विजापूर, सांगोल्याकडून लोक पोरं घेऊन येतात. पोर वॉर्डात, आई कॉटखाली, बाप बाहेर कट्ट्यावर. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग म्हणजे उपचार दोन-अडीच वर्षंही चालतात. एका छोट्या संस्थेने अशा कुटुंबांसाठी काही खोल्या घेतल्यात. खोली, गॅस, शिधा आणि दवाखान्यापर्यंतची रिक्षा धरून एका कुटुंबाला महिन्याला ६,५०० रुपये लागतात, असा त्यांचा हिशेब. आम्हाला दोन खोल्या वर्षभर चालवायच्या आहेत. म्हणजे १,५६,००० रुपये.

बेत असा: आमच्यातला सगळ्यात तरुण (वय ३१, गळा उत्तम, डोकं जरा गरम) एकटा सलग २४ तास गाणार. लोक दर तासामागे देणगी बोलणार. जागा, परवानग्या, पैसे कसे घ्यायचे, गळ्याचं काय, सगळ्यावर सल्ला हवाय.

चहाटळ:
आमच्या सोसायटीत गणपतीत एक काका दोन तास कराओके गातात. लोक पैसे देतात. थांबण्यासाठी. हा मार्गही विचारात घ्यावा. (हघ्या, म्हणजे हलके घ्या)

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्या नागपूरच्या सुनील वाघमारेनं २०१२ च्या मार्चमध्ये १०५ तास गायलं होतं भाऊ. गिनेसमध्ये नोंद हाय. तुमचे २४ तास म्हंजे त्याच्या पावालेबी पुरत नाही. म्हनून सांगतो, विक्रमाच्या नादी लागू नका. तिथं एका तासामागं पाच मिनिटं सुट्टी भेटते, ती साठवून एकदम वापरता येते. साक्षीदार पाह्यजे, नोंदवही पाह्यजे, सारं चित्रीकरण पाह्यजे. एवढी माणसं तुमच्यापाशी असतील त त्यायले देणग्या गोळा कराले लावा ना.

स्वरयंत्र:
कान-नाक-घसा हा माझा धंदा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. हौशी गळ्याने २४ तास एकट्याने गाणं हा मूर्खपणा आहे. रियाज रोज दोन तासांचा असेल तर स्वररज्जूंना दोन तासांची सवय असते, पुढचे बावीस तास उधारीचे. सूज येते, आवाज घोगरा होतो, तरी माणूस जोर लावतो, कारण समोर आकडा चढत असतो. नेमक्या अशा वेळी रज्जूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते.

आणि बसलेल्या आवाजात कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे. विश्रांती म्हणजे गप्प बसणं. खडीसाखर-ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, रज्जूपर्यंत ते पोहोचत नाही. दिवसभर पाणी पिणं आणि वाफ घेणं, एवढंच खरं.

जवारी_मिरज:
डॉक्टर, प्रिंट काढून त्याला दिली. तो म्हणाला, "आजोबा ९० व्या वर्षीही भजन म्हणायचे." मी विचारलं, सलग? त्यावर चहा मागवला त्याने.

भाऊ_खटाव:
राम कृष्ण हरी. मी पोटापुरता लिहितो, शुद्धलेखन बघू नका.

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह आज्यापणज्यापासून चालतोय. सात दिवस, रात्रंदिवस नाम थांबत नाही. पण सात दिवस एकच माणूस उभा राहत नाही बगा. वीणा गळ्यात घातली की ती खाली टेकवायची नाही, हा नेम वीणेला आहे. माणसाला नाही. विणेकऱ्यांचे पहारे लावलेले असतात. पहारा सरला की पुढचा माणूस येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि पहिला घरी जाऊन भाकरी खातो. रात्री दोनचा पहारा कुणी घ्यायचा यावरनं आमच्यात भांडणं होतात, कारण त्या पहाऱ्याला मान जास्ती.

तुमच्या एका पोराला कशाला जाळताय? अकरा जण आहात. तुमच्याकडं तंबोरा आहे. तो थांबू देऊ नका म्हंजे झालं.

चहाटळ:
भाऊंना दंडवत. धागा इथेच संपला खरं तर.

कावळा_उवाच:
धागा संपला नाही, आता सुरू होतोय. एक साधा प्रश्न. १,५६,००० भागिले ११ म्हणजे प्रत्येकी १४,१८२ रुपये. आज संध्याकाळी संस्थेच्या खात्यात टाका आणि गुरुवारी निवांत गात बसा. हॉलचं भाडं, साउंडवाला, फ्लेक्स, चहा-वडापाव, आमदारांचा सत्कार, शाल, नारळ... यात निम्मी रक्कम जाते आणि उरलेली मुलांना. लोकांना दान करायचं नसतं, कार्यक्रम करायचा असतो.

जवारी_मिरज:
प्रश्न रास्त आहे. आमच्यातल्या तिघांना १४ हजार एकदम देणं जमणार नाही, हे एक. दुसरं, पुढच्या वर्षी काय? या वर्षी दोनशे माणसांना त्या खोल्यांचा पत्ता कळला तर पुढच्या वर्षी त्यांतले पन्नास स्वतःहून देतील, हा आमचा अंदाज. चुकूही शकतो. फ्लेक्स मात्र नाही लावणार, शब्द दिला.

सराफा_इंदूर:
आमच्या इंदूरचं उदाहरण देते. पलक मुच्छल आता सिनेमात गाते म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, पण आम्ही तिला त्याआधीपासून ओळखतो. कारगिल युद्धाच्या वेळी, १९९९ मध्ये, ती सात वर्षांची होती आणि दुकानांसमोर उभी राहून जवानांच्या कुटुंबांसाठी गायची. पुढे इंदूरमधल्या एका गरीब मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रस्त्यावर गाऊन तिने पैसे जमवले. ती बातमी बेंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींपर्यंत गेली आणि त्यांनी त्या मुलाची शस्त्रक्रिया फुकट केली. मग जमलेल्या पैशांचं काय करायचं? आणखी कुणा मुलाला गरज आहे का, अशी विचारणा केली तर यादीच आली. तेव्हापासून ते चालूच आहे. आजवर तिच्या गाण्यातून हजारो मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

कावळा_उवाच यांना यातून उत्तर मिळावं. पैसे पहिल्या मुलाच्या आईवडिलांना गुपचूप दिले असते तर ती यादी आलीच नसती. चार लोकांसमोर गायलं म्हणून आली.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), एका कार्यक्रमात चाळीसेक गाणी हा तिचा नेहमीचा बेत असतो म्हणे. अखंड नाही, पण कमीही नाही.

कावळा_उवाच:
सराफा, मान्य. पण प्रत्येक गुरुवारच्या मंडळात पलक नसते.

हिशेबनीस:
सनदी लेखापाल. धागा दोन दिवस टाळत होतो, राहवलं नाही.

१ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पंडित रविशंकरांनी आपल्या मित्राला, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितलं, की पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येताहेत, मुलं उपाशी मरताहेत. हॅरिसनने काही आठवड्यांत दोन मैफली उभ्या केल्या, एक दुपारी, एक रात्री. सतार रविशंकरांची, सरोद अली अकबर खाँचा, तबल्याला अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. (वाद्यं जुळवून होताच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंडितजी म्हणाले, जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. तंबोरेवाल्या मिरजेने हा किस्सा फ्रेम करून लावावा.) तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर मुलांसाठी युनिसेफला गेले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माझ्या धंद्यातलं. खरा मोठा पैसा ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा होता, आणि तो अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकला. का? तर कार्यक्रमाआधी युनिसेफशी रीतसर कागद झाले नव्हते, करमाफीची तजवीज केलेली नव्हती. हेतू शुद्ध, कागद कच्चे.

म्हणून तुम्हाला सांगतो:

तुमच्या गटाच्या किंवा कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही घेऊ नका. क्यूआर संस्थेचा, खातं संस्थेचं, पावती संस्थेची. तुम्ही फक्त गाणारे. संस्था नोंदणीकृत आहे का, ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) चालू आहे का, आधी कागद डोळ्यांनी बघा. सार्वजनिक वर्गणीबाबत धर्मादाय आयुक्त कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि तेही संस्थेने. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही, हे पेटीजवळ बसणाऱ्याला पाठ हवं. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" असं माइकवरून ओरडू नका, बऱ्याच जणांचा वाचणार नाही.

तिकीट लावणार असाल तर माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमावर जीएसटी नाही. पण माझं मत विचाराल तर तिकीट लावूच नका. पहाटे पाचला तिकीट काढून कोण येतं?

आणि एक गोष्ट, जी कुणीच लक्षात घेत नाही: सिनेमाची गाणी जाहीर कार्यक्रमात गायला सहसा परवाना लागतो. धर्मादाय कार्यक्रम म्हणून कायदा सूट देत नाही. अभंग घेतले तरी सुटलो असं समजू नका. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल ज्याची त्याची, आणि चाल लावणारा गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो. पारंपरिक चाली, जुन्या बंदिशी आणि स्वतः बांधलेलं, यात बसवता येतंय का बघा. नाहीतर परवान्याचे पैसे भरा आणि मोकळे व्हा.

चहाटळ:
हिशेबनीस, तुम्ही लग्नात मंगलाष्टकांची पण पावती मागितली असेल.

हिशेबनीस:
धार्मिक समारंभाला सूट आहे. लग्नाची मिरवणूकही त्यातच येते.

सवाईचा_सतरंजीवाला:
जागेबद्दल. पुण्याची सवाई (सवाई गंधर्व संगीत महोत्सव) १९५३ साली सुरू झाली आणि आमच्या तरुणपणी पहाटेपर्यंत चालायची. पहाटेची भैरवी ऐकून, कांबळं खांद्यावर टाकून, अमृततुल्याचा चहा घेऊन थेट कचेरीत जायचो. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, ते बरेचसे गणपती-नवरात्रात जातात. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतं, पण आवाज बाहेर गेला की शेजारी फोन करणारच. सवाईला जे जमलं नाही ते तुमच्या गुरुवार मंडळाला जमायचं नाही.

दुसरं असं, की मिरजेच्या माणसाला हे आम्ही सांगावं? मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या नावाने संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार बिदागी न घेता हजेरी लावून जातात. "हजेरी" हा शब्दच वापरा ना. मॅरेथॉन, चॅलेंज, नॉनस्टॉप कशाला?

मीनल_आई:
मी इथे फारसं लिहीत नाही. लिहू की नको असं तीनदा झालं.

माझ्या मुलाचे उपचार दुसऱ्या एका शहरात झाले. अकरा महिने आम्ही अशाच खोलीत होतो. त्या काळात एका मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमातून संस्थेला मदत झाली होती आणि आम्हा चार कुटुंबांना मुलांसकट बोलावलं होतं. मुलांना स्टेजवर उभं केलं. माझ्या मुलाचे केस गेलेले, तोंडावर मास्क, वय सात. निवेदकाने त्याचं नाव, गाव आणि आजार माइकवरून सांगितला. मग मोठा चेक धरून फोटो. लोक रडत होते, पैसे देत होते. तो मला हळूच म्हणाला, "आई, मी जिंकलो का काहीतरी?"

तो आता बरा आहे, दहावीला आहे. मागच्या वर्षी तो फोटो कुणीतरी परत फिरवला आणि तो त्याच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचला. तेव्हापासून तो आमच्याशी त्या काळाबद्दल एक शब्द बोलत नाही.

पैसे आम्हाला लागत होते. त्या पैशांनीच आम्ही तिथं राहिलो. तक्रार करायला तोंड नाही, हेच सगळ्यात वाईट.

तुम्ही गा. खूप गा. मुलांना आणू नका एवढंच. शिवाय उपचार चालू असताना त्यांना गर्दीत न्यायचंच नसतं.

स्वरयंत्र:
मीनलताई, लिहिलंत ते बरं केलंत. प्रतिकारशक्ती खाली असलेलं मूल गर्दीच्या सभागृहात नेणं हा वैद्यकीयदृष्ट्याही अपराधच.

कावळा_उवाच:
प्रकाटाआ.

(काही लिहिलं होतं, मीनल_आई यांचा प्रतिसाद वाचल्यावर काढलं.)

जवारी_मिरज:
ताई, काल गुरुवार होता. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी पेटी उघडली नाही.

खरं सांगतो, आमच्या यादीत "मुलांचा सत्कार, दु. ४" असं होतं. माझ्याच हाताने लिहिलेलं. खोडलं.

डलासची_सुमन:
आमच्या इथल्या मंडळातून काही पाठवता येईल का? रच्याकने, माझी सहकारी चिलीची आहे. त्यांच्याकडे १९७८ पासून टेलेतोन म्हणून प्रकार आहे, सत्तावीस तास सलग टीव्हीवर गाणी, विनोद, आणि पैसे जातात अपंग मुलांच्या उपचार केंद्रांना. ती म्हणते, देश झोपत नाही त्या रात्री. पण दर वेळी मागच्यापेक्षा जास्त जमायलाच हवं असा दबाव असतो आणि मुलांच्या गोष्टी पडद्यावर वापरण्यावरून तिथेही टीका होते. मीनलताईंचं वाचून तिला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, हे आमच्याकडेही बोलायला हवं.

हिशेबनीस:
सुमनताई, भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या खात्यातून दिलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी नागरिकत्व बदललंय, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, त्यांचा पैसा विदेशी. त्याला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (विदेशी देणगी घ्यायची परवानगी) आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं हवं. छोट्या संस्थेकडे बहुधा नसतं. मंडळाने एकत्र करून पाठवू नका. पासपोर्टवाल्यांनी एकेकट्याने पाठवा.

जवारी_मिरज:
ठरलं ते असं.

२४ तास नाही. सकाळी ६ ते रात्री १०, सोळा तास, सोळा पहारे. दहाच्या ठोक्याला बंद, म्हणजे पोलीस ठाण्यात हात जोडायला नको. गाणारा दर तासाला बदलणार, तंबोरा थांबणार नाही. दोन तंबोरे ठेवतो, एक उतरला की दुसरा आधीच चालू असेल. सूर धरायला श्रुतीपेटी वापरायची नाही, यावर आमच्यात मतदान झालं, सहाविरुद्ध पाच.

बाहेरचे पाच जण पहारा मागायला आले. त्यात एक रिक्षावाला आणि एक नर्स.

खर्च सगळा आमच्या खिशातून. जे जमेल ते पूर्ण संस्थेला. फ्लेक्स नाही, सत्कार नाही, मुलं नाहीत. खोल्यांवर फक्त आवाज जाईल, फोनवरून. ज्यांना ऐकायचं ते ऐकतील.

आणि चहाटळ, तुमची काडी आम्ही उचलली. दोन पेट्या असतील. एकीत फर्माईश, दुसरीत "थांबवा".

चहाटळ:
मी हे गमतीत लिहिलं होतं हो!! मला मानधन हवं.

वऱ्हाडी_ठेचा:
सोळा तास म्हंजे बरोबर लाइव्ह एड या मदतीच्या मैफलीएवढे. १९८५, लंडन आन् फिलाडेल्फिया मिळून सोळा तास. तिकडं एक गडी दोन्हीकडं गायला काँकॉर्ड विमानानं गेल्ता. तुमचा रिक्षावाला जाईल का सांगलीले?

जवारी_मिरज:
कार्यक्रम रविवारी झाला. अहवाल देतो, जरा विस्कळीत आहे, झोप झालेली नाही.

पहाटे साडेपाचला सभागृहाची किल्ली मिळेना. वॉचमन चहाला गेला होता. ६ वाजता सुरू करायचं म्हणून पायरीवरच तंबोरा लावला, भैरव पायरीवर सुरू झाला. आत गेलो ते वाजतच गेलो. माझ्या आयुष्यात तंबोरा चालता-चालता छेडायची पहिलीच वेळ. ज्याने २४ तास गायचं म्हटलं होतं, त्याला सहाचा पहारा दिला होता. गळा तापलेला नव्हता, पण फार सुंदर गायला.

आठ ते अकरा गर्दी होती. दुपारी एक ते चारमध्ये हॉलमध्ये कधी सात, कधी तीन माणसं. अडीच वाजता मी गात होतो तेव्हा वॉचमन, साउंडवाला आणि झोपलेले एक आजोबा. देणगी शून्य. कावळा_उवाच यांची आठवण त्या तासात सारखी येत होती. मुलतानी रागाच्या नादात तीनदा घड्याळ पाहिलं. पुढच्या वेळी दुपार मोकळी ठेवायची की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. भाऊ म्हणतात, दुपारचा पहारा म्हणजेच खरा पहारा.

हो, भाऊ_खटाव आले होते! एसटीने. वीणा घेऊन. रात्री आठचा पहारा त्यांनी घेतला, उभं राहून. आमच्या ग्रुपमधल्या कुणाला टाळ नीट धरता येत नाही, हे त्यांनी माइकवरूनच सांगितलं.

सव्वापाचला पहिल्या तंबोऱ्याची जोडाची तार तुटली. दुसरा चालू होता म्हणून कुणाला कळलं नाही. तंबोरेवाल्याने मागे बसून तार चढवली, आवाज घुमावा म्हणून जवारीचा दोरा सरकवत बसला, आणि लोक मान वळवून गाण्याऐवजी त्याच्याकडे बघायला लागले. त्या दहा मिनिटांत फर्माईशीच्या पेटीत बऱ्याच नोटा पडल्या. नक्की कशासाठी, कोण जाणे.

खोल्यांकडून फोनवर एक फर्माईश आली. नाव-गाव काही नाही, नुसतं "५ नंबर खोली". एका कार्टूनचं शीर्षकगीत हवं होतं. आमच्यात कुणालाच येत नव्हतं, परवान्याचाही विचार आला (हिशेबनीस, ऐकताय ना). शेवटी मास्तरांनी माइक बंद केला, फोन तोंडाजवळ धरला आणि फक्त त्या खोलीसाठी, शब्द बघत, अत्यंत बेसूर म्हटलं. पलीकडून म्हणे दोनदा "अजून" असं आलं.

हिशेब: क्यूआरवरून १,१२,४०० रुपये. फर्माईश पेटीत ३१,८५०. "थांबवा" पेटीत ९,३००. एकूण १,५३,५५०. सगळं संस्थेच्या खात्यात, पावत्यांसह. खर्च: हॉल ८,०००, साउंड ६,५००, चहा-जेवण ५,२००, परवाना आणि किरकोळ २,३००. एकूण २२,०००, आम्ही अकरा जणांनी प्रत्येकी २,००० घातले. लक्ष्यापेक्षा २,४५० कमी पडले.

"थांबवा" पेटीतले साडेचार हजार एकट्या किराणा दुकानदाराच्या पहाऱ्यात आले. त्याचं गिऱ्हाईकच सगळं समोर बसलं होतं. तो थांबला नाही.

चहाटळ:
डोळ्यांत पाणी आलं. ९,३०० चे १० टक्के पाठवा.

मीनल_आई:
फोनवरून सकाळचे दोन तास ऐकलं. मुलगाही बाजूला बसून ऐकत होता. कशासाठी आहे हे मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, तो मागचा घुमणारा आवाज कशाचा. तंबोरा म्हटलं.

सवाईचा_सतरंजीवाला:
मुलतानीत घड्याळ बघणारा गायक पहिल्यांदाच ऐकला. बाय द वे, अडीचला मुलतानी? त्या रागाची वेळ नंतरची, अजून तासभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं!

जवारी_मिरज:
यादीत भीमपलास होता. तोच सुरू केला होता. कधी मुलतानी झाला, कळलं नाही. उन्हामुळे असेल.

कावळा_उवाच:
अभिनंदन. बेरीज तपासली, बरोबर आहे. संस्थेने पावत्यांची यादी टाकलीय ती पाहिली. पावती क्रमांक ११८ दोनदा आहे, एकदा ५०१ आणि एकदा २५१.

जवारी_मिरज:
पाहतो. पुस्तकावर नर्सबाई होत्या, आणि पुढचा पहारा त्यांचाच होता.